तोल सांभाळणे आणि तोल सावरणे : अटलांटातील ताई ची प्रयोगाचा एक प्रकरण अभ्यास

‘पडल्याचे निमित्त झाले आणि त्यांनी अंथरूण धरले’ हे वाक्य मराठी घरांत इतक्या वेळा उच्चारले जाते की त्यामागची कार्यकारणपरंपरा आपण तपासून पाहत नाही. न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया यशस्वीही होते. परंतु त्यानंतर माणूस पूर्वीसारखा हिंडत नाही, कारण त्याच्या मनात पुन्हा पडण्याची भीती बसलेली असते. भीतीमुळे हालचाल कमी होते, हालचाल कमी झाल्याने पायांतली ताकद ओसरते, आणि ताकद ओसरल्यामुळे पुढचे पडणे अधिक जवळ येते. ज्यांचे हाड मोडलेले नसते, नुसते एकदा पडणे झालेले असते, तेही याच चक्रात सापडतात. हे चक्र नेमके कोठे तोडता येईल, या प्रश्नाचा पद्धतशीर शोध घेताना अमेरिकेतील अटलांटा शहरात १९९० च्या दशकात ताई ची या चीनमधील युद्धकलेची परीक्षा घेण्यात आली. त्या परीक्षेतून जे हाती आले ते अपेक्षेपेक्षा वेगळे होते, आणि त्या वेगळेपणामुळेच हे एकच प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटते.

प्रयोगाची मांडणी

अमेरिकेतील आरोग्य संशोधन यंत्रणेने वृद्धांचे दौर्बल्य आणि पडण्यातून होणाऱ्या दुखापती यांवर एक संयुक्त कार्यक्रम आखला होता. ‘फिक्सिट’ या लघुनामाने ओळखल्या जाणाऱ्या या कार्यक्रमात निरनिराळ्या शहरांतील केंद्रांनी निरनिराळे उपाय तपासले. अटलांटाच्या केंद्राचे काम एमरी विद्यापीठातील स्टीव्हन वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे होते. सत्तरी ओलांडलेल्या, परंतु स्वतःच्या घरी स्वतंत्रपणे राहणाऱ्या २०० व्यक्ती त्यांनी निवडल्या. त्यांत १६२ स्त्रिया व ३८ पुरुष होते आणि सरासरी वय ७६ वर्षांच्या आसपास होते. चिठ्ठ्या टाकून करावी तशी यादृच्छिक विभागणी करून या सर्वांचे तीन गट पाडण्यात आले.

पहिल्या गटाला ताई ची शिकवण्यात आले. दुसऱ्या गटाला संगणकाला जोडलेल्या चौथऱ्यावर उभे राहून तोलाचे वैयक्तिक प्रशिक्षण मिळाले. शरीराचा भार कोणत्या बाजूला झुकतो आहे हे समोरच्या पडद्यावर दिसे आणि त्यावरून उभे राहणाऱ्याने स्वतःला सुधारायचे असे. तिसऱ्या गटाने कोणताही व्यायाम केला नाही. त्याच्यासाठी आरोग्यविषयक माहिती आणि चर्चा यांच्या बैठका होत्या. हा तुलनेचा गट फार महत्त्वाचा होता. एकाकी वृद्धांना कोणी नियमित एकत्र आणले, त्यांची विचारपूस केली, तर तेवढ्यानेही त्यांना बरे वाटते. हा परिणाम वेगळा काढला नाही तर व्यायामाला नसलेले श्रेय मिळते. प्रशिक्षण १५ आठवडे चालले आणि त्यानंतरही काही महिने कोण किती वेळा पडले याची नोंद ठेवण्यात आली.

एकशे आठांतून दहा

ताई ची शिकवण्याची जबाबदारी तिंगसेन शू यांच्यावर होती. त्यांच्यापुढे अडचण अशी होती की पारंपरिक दीर्घ क्रमात, मोजण्याच्या एका पद्धतीनुसार, १०८ पवित्रे असतात आणि ते नीट बसायला वर्षे लागतात. पंधरा आठवड्यांत शहात्तर वर्षांच्या माणसाला ते शिकवणे शक्य नव्हते. म्हणून त्यांतून दहा पवित्रे निवडण्यात आले. ही निवड सोपे तेवढे ठेवायचे अशा विचाराने झालेली नव्हती. वयाबरोबर शरीराच्या ज्या हालचाली आक्रसत जातात त्या समोर ठेवून ती केलेली होती: कमरेपासून धड वळवणे, दोन्ही हात परस्परांच्या उलट दिशेने फिरवणे, गुडघे किंचित वाकवून चालणे, आणि दोन पायांमधले अंतर क्रमाक्रमाने कमी करत शेवटी सगळा भार एका पायावर घेणे.

हा वारसा किती जुना आणि किती बदललेला आहे हे येथे सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय या दहा पवित्र्यांचे मोल कळणार नाही. ‘ताई ची’ असे आपण लिहितो त्याचे पूर्ण चिनी नाव थायजीछ्वान असे आहे. त्यातला शेवटचा शब्द मूठ किंवा मुष्टियुद्ध या अर्थाचा आहे, आणि मधला ‘जी’, म्हणजे आपल्या लेखनातला ‘ची’, अंतिम टोक, पराकाष्ठा या अर्थाचा आहे. प्राणशक्तीसाठी चिनी भाषेत असलेला ‘छी’ हा शब्द निराळा आहे. या दोन शब्दांच्या घोटाळ्यातून बरेच गैरसमज जन्मले आहेत. ज्ञात इतिहास हनान प्रांतातील वन परगण्यातल्या छनज्यागोऊ या गावापर्यंत, तेथील छन घराण्यातील छन वांगथिंग यांच्या सतराव्या शतकापर्यंत जातो. एकोणिसाव्या शतकात यांग लूछान (१७९९–१८७२) यांनी या घराण्यातील छन छांगशिंग यांच्याकडून ही विद्या घेतली आणि पुढे बेजिंगमध्ये नेली. छन शैलीत आजही सावकाश हालचालीच्या मध्येच स्फोटासारखा प्रहार येतो, उडी येते, जमिनीवर पाय आपटला जातो. यांग लूछान यांचे नातू यांग छंगफू (१८८३–१९३६) यांच्या हातून तो क्रम संथ, रुंद आणि एकसारख्या गतीचा झाला. आज जगभरच्या बागांमध्ये दिसणारी ताई ची मुख्यतः या नातवाच्या घडणीतून आलेली आहे.

ताई चीला लावला जाणारा ‘अंतर्गत’ युद्धकला हा शब्दही तपासून घेण्यासारखा आहे. ‘अंतर्गत घराणे’ अशा अर्थाचा चिनी शब्द १६६९ मध्ये ह्वांग झोंगशी या विद्वानाने लिहिलेल्या एका समाधिलेखात आढळतो. थायजी, शिंगयी आणि बाग्वा या तिन्ही कला एकाच वर्गात बसवण्याची आजची रूढी मात्र बरीच अलीकडची आहे आणि ती सुन लूथांग (१८६०–१९३३) यांच्या काळात पक्की झाली. तिन्हींत समान धागा असा की केवळ स्नायूंच्या जोरावर भिस्त न ठेवता शरीराची मांडणी, शिथिलता, कमरेतून निघणारी हालचाल आणि मनाचे अवधान यांवर भर दिला जातो. चीन प्रजासत्ताक झाल्यावर, १९१२ नंतरच्या वर्षांत, देशाला लागलेला ‘पूर्व आशियाचा आजारी माणूस’ हा डाग पुसण्यासाठी बेजिंग आणि शांघायमधील संस्थांनी या कला सामान्य नागरिकांना शिकवायला सुरुवात केली. पुढे १९५६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय क्रीडा आयोगाने यांग शैलीवरून २४ पवित्र्यांचा एक छोटा क्रम तयार करवला. अर्ध्या तासाच्या जवळ जाणारा क्रम पाच-सहा मिनिटांवर आला आणि कारखान्यांत, शाळांत, रुग्णालयांत सर्वत्र पसरला. अटलांटातील कपात ही म्हणून परंपरेवरचा पहिला आघात नव्हता. तीन पिढ्या चालत आलेल्या संक्षेपाचे ते पुढचे पाऊल होते.

जुन्या जाणकारांची अशा संक्षेपाविषयीची नाराजी मला खरी वाटते. प्रत्येक पवित्र्यामागे एक झुंजीतला उपयोग आहे. ‘रानघोड्याची आयाळ विलग करणे’ या काव्यमय नावाखाली प्रतिस्पर्ध्याचा हात खाली दाबून त्याच्या काखेखालून आपला हात घालून त्याला मागे उलथवण्याची युक्ती दडलेली आहे. दोघांनी समोरासमोर उभे राहून एकमेकांचा जोर चाचपण्याचा ‘थुइशोऊ’ हा सराव तर या कलेचा आत्माच मानला जातो. अटलांटातल्या दहा पवित्र्यांत झुंज उरलेली नव्हती. तरीही त्यांत एक गोष्ट शाबूत होती, आणि ती पुढे निर्णायक ठरली असे माझे मत आहे. यांग छंगफू यांच्या नावावर जी दहा सूत्रे नोंदलेली आहेत त्यांपैकी एक ‘रिकामे’ आणि ‘भरलेले’ यांच्या भेदाविषयी आहे. शरीराचा सारा भार उजव्या पायावर बसला असेल तर उजवा पाय भरलेला आणि डावा रिकामा. हा भेद स्पष्ट असला की वळणे हलके होते, आणि तो नसला की पाऊल जड पडते व माणूस सहज ओढला जातो. ताई ची करणारा त्यामुळे पाऊल टाकताना भार टाकत नाही. आधी रिकामा पाय पुढे ठेवला जातो, टाच टेकते, जमीन चाचपली जाते, आणि नंतर भार हळूहळू त्यात ओतला जातो. मांजराचे चालणे हीच उपमा जुन्या चिनी ग्रंथांनीही दिलेली आहे.

निष्कर्ष आणि त्यातले कोडे

निष्कर्ष मे १९९६ मध्ये अमेरिकन वार्धक्यवैद्यक संघाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पडण्याला कारणीभूत होणाऱ्या इतर घटकांचा हिशेब केल्यानंतर, ताई ची गटात वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी कमी झालेला आढळला. पडण्याची भीतीही याच गटात घटली. बारा मिनिटे चालण्यापूर्वी व नंतर मोजलेला रक्तदाब त्यांच्यात उतरलेला दिसला. सगळेच सुधारले असे मात्र नव्हते. हाताच्या पकडीची ताकद तिन्ही गटांत कमी झाली होती. संगणकीय चौथऱ्यावरच्या गटाला मात्र पडण्याच्या बाबतीत असा लाभ मिळालेला नव्हता.

खरे कोडे १९९७ मध्ये समोर आले. याच संशोधकांनी ७२ व्यक्तींचे तोलाचे मोजमाप स्वतंत्रपणे तपासले. माणूस स्थिर उभा राहिला तरी त्याचे शरीर सतत किंचित डोलत असते. हे डोलणे जितके कमी तितके स्थैर्य अधिक, असे गृहीत धरून ते मोजले जाई. या मोजमापात यंत्रावर सराव केलेला गट सुधारला होता, आणि ताई ची गटाचे डोलणे कमी झालेच नव्हते. म्हणजे यंत्राच्या कसोटीवर जे अधिक स्थिर ठरले त्यांना प्रत्यक्ष पडण्यात लाभ झाला नाही, आणि ज्यांचे डोलणे होते तसेच राहिले ते कमी वेळा पडले. संशोधकांनी प्रामाणिकपणे असे नोंदवले की ताई चीचे यश काही अंशी डोलणे कमी न करताही आत्मविश्वास वाढवण्यात असावे.

आत्मविश्वासाचे हे स्पष्टीकरण मला बरोबर वाटते, पण पुरेसे वाटत नाही. मराठीत ‘तोल सांभाळणे’ आणि ‘तोल सावरणे’ असे दोन वेगळे प्रयोग आहेत आणि त्यांतला फरक या कोड्याच्या मुळाशी जातो. सांभाळणे म्हणजे तोल जाऊ न देणे. सावरणे म्हणजे जाऊ लागलेला तोल परत आणणे. चौथऱ्यावर उभा असलेला माणूस पहिली गोष्ट शिकतो: पाय जागचे हलत नाहीत, भार मध्यावर आणायचा आणि तेथे टिकवायचा. म्हातारपणी माणूस बहुतेक वेळा निश्चल उभा असताना पडत नाही. तो वळताना पडतो, खुर्चीवरून उठताना पडतो, उंबरा ओलांडताना पडतो, मागून कोणी हाक मारली म्हणून मान वळवतो आणि पडतो. या प्रत्येक क्षणी शरीराचा मध्य एका पायावरून दुसऱ्याकडे जात असतो आणि मधला काही काळ तो कोठेच नीट टेकलेला नसतो. ताई चीचा सगळा सराव याच मधल्या क्षणाचा आहे. तो क्षण ती लांबवते. अर्ध्या सेकंदात उरकणारे भारांतर चार-पाच सेकंद चालते, गुडघा वाकलेला असल्याने मांडीच्या स्नायूंना तेवढा वेळ ओझे धरावे लागते, घोट्याला बारीक दुरुस्त्या कराव्या लागतात आणि मनाला त्या जाणवाव्या लागतात. ज्याने हा प्रदेश रोज सावकाश ओलांडलेला आहे त्याला तो ओळखीचा होतो, आणि ओळखीच्या जागेची भीती वाटत नाही. आत्मविश्वास आणि कौशल्य यांची फारकत येथे करता येत नाही, असे मला वाटते.

या प्रयोगाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हव्यात. ताई ची करणाऱ्याला आपण ताई ची करतो आहोत हे माहीत असते. औषधाच्या चाचणीत जशी खोटी गोळी देता येते तशी खोटी ताई ची देता येत नाही. ताई ची गट एकत्र शिकत होता, तर यंत्रावरचा माणूस एकटा शिकत होता. सोबतीचा परिणाम त्यामुळे पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. शिवाय ताई ची शिकणाऱ्यांना घरीही रोज सराव करायला सांगितलेले होते आणि चौथरा कोणाच्या घरी नव्हता. हा शेवटचा मुद्दा दोष म्हणून मांडला जातो, पण मला तो या कलेचा गुणही वाटतो: तिला पायांखालची जमीन सोडून दुसरे काही लागत नाही.

पुढची परीक्षा

कोणत्याही प्रयोगाची खरी किंमत तो पुन्हा केल्यावर कळते. त्याच अटलांटात वुल्फ यांच्या गटाने २००३ मध्ये अधिक दुबळ्या वृद्धांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सत्तर ते सत्त्याण्णव वर्षे वयाच्या, सामूहिक निवासांत राहणाऱ्या २९१ स्त्रिया व २० पुरुषांचा त्यात समावेश होता आणि प्रशिक्षण ४८ आठवडे चालले. पडण्याचा धोका २५ टक्क्यांनी कमी दिसला, परंतु हा फरक योगायोगाने आलेला नाही असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर म्हणता आले नाही. नेदरलँड्समध्ये घरी राहणाऱ्या, पडण्याचा धोका मोठा असलेल्या २६९ वृद्धांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर काहीच उपयोग आढळला नाही. तेथे प्रशिक्षण केवळ १३ आठवड्यांचे होते. हे दोन अपयशी किंवा अर्धयशस्वी निकाल ताई चीच्या प्रचारकांकडून सहसा सांगितले जात नाहीत, आणि ते न सांगणे मला अनुचित वाटते, कारण एरवी सर्वांत महत्त्वाची गोष्ट निसटते: शरीरात सावरण्याइतकी ताकद शिल्लक असतानाच हा सराव सुरू झाला पाहिजे, आणि तो पुरेसा काळ चालला पाहिजे.

याउलट अमेरिकेतील ओरेगन राज्यात फूझोंग ली यांच्या संशोधक गटाने ७० ते ९२ वर्षांच्या, व्यायामाची सवय नसलेल्या २५६ व्यक्तींचे दोन गट पाडले आणि त्यांतल्या एका गटाला आठवड्यातून तीन वेळा, सहा महिने, १९५६ मधला तोच २४ पवित्र्यांचा क्रम शिकवला. त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. ताई ची गटात ३८ वेळा पडणे झाले, केवळ ताणाचे, म्हणजे स्नायू ताणण्याचे (स्ट्रेचिंग) व्यायाम करणाऱ्या गटात ७३ वेळा, आणि वारंवार पडण्याचा धोका ५५ टक्क्यांनी कमी होता. बेजिंगच्या आयोगाने सार्वजनिक आरोग्यासाठी केलेला संक्षेप अर्धशतकानंतर दुसऱ्या खंडातल्या वृद्धांच्या उपयोगी पडला, ही गोष्ट मला विशेष समाधान देणारी वाटते.

१९९७ च्या कोड्याचे उत्तरही ओरेगनमधूनच आले असे म्हणता येईल. पार्किन्सन (कंपवात) झालेल्या १९५ रुग्णांवर ली यांनी केलेला प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात मुख्य मोजमापच वेगळे होते. माणूस किती कमी डोलतो हे येथे पाहिले गेले नाही. पाऊल न उचलता तो कोणत्या दिशेला किती दूरपर्यंत झुकू शकतो आणि झुकताना त्याची दिशा किती नेमकी राहते, हे पाहिले गेले. या ‘स्थैर्याच्या सीमे’च्या कसोटीत किती दूर झुकता येते या मोजमापावर २४ आठवड्यांनंतर ताई ची गट वजनांच्या व्यायामाच्या गटापेक्षा ५.५५ टक्केबिंदूंनी आणि ताणाच्या व्यायामाच्या गटापेक्षा ११.९८ टक्केबिंदूंनी पुढे होता, आणि हा लाभ प्रशिक्षण थांबल्यावर तीन महिने टिकला. पडण्याचे प्रमाण ताणाच्या गटाच्या मानाने कमी झाले. वजनांच्या गटाच्या मानाने मात्र खात्रीने कमी म्हणता येईल असा फरक नव्हता.

याच विचारातून ओरेगनच्या गटाने आठ पवित्र्यांचा एक कार्यक्रम घडवला. त्यात मूळ हालचाली ठेवून प्रत्येकीत मुद्दाम सीमेपर्यंत झुकणे, घोट्यातून पुढे-मागे डोलणे आणि तेथून परत मध्यावर येणे घातले आहे. डोलणे, जे अटलांटात दोष म्हणून मोजले गेले होते, तेच येथे शिकवण्याचा विषय झाले. सत्तरी ओलांडलेल्या ६७० व्यक्तींवरची या कार्यक्रमाची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. या सर्व व्यक्ती आधीच्या वर्षात पडलेल्या होत्या किंवा त्यांची हालचाल मंदावलेली होती, म्हणजे ज्यांच्याबाबत पूर्वीचे निकाल डळमळीत होते त्यांच्या बरेच जवळ जाणारा हा गट होता. ताणाच्या व्यायामाच्या तुलनेत पडणे ५८ टक्क्यांनी कमी झाले. तोल, ताकद, चालणे आणि लवचीकता या सर्वांचा मिश्र व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेतही ३१ टक्क्यांनी कमी झाले. ज्यांना उभे राहणे जड जाते त्यांनी प्रथम खुर्चीवर बसून, मग खुर्चीच्या पाठीला धरून आणि शेवटी हात सोडून हेच पवित्रे करावेत, अशी सोय या कार्यक्रमात ठेवलेली आहे.